मान झुकली ती फक्त एकापुढे

हट्टी, गर्विष्ठ, कुणाचं न ऐकणारी! पंडिता रमाबाईंना ही विशेषणं त्यांच्या जुन्या धर्मातल्या लोकांनी लावली आणि त्यांनी जो धर्म स्वीकारला त्यातल्या लोकांनीही लावली. तरीही आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या माळरानावर हीच बाई देवापुढे संपूर्ण लीन होऊन जगली. ख्रिस्ती जीवनातल्या नम्रतेचा आणि आज्ञापालनाचा धडा रमाबाई कशा शिकल्या, त्याची ही कहाणी.

साल १८७८. कलकत्त्यातल्या ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याला महाराष्ट्रातून आलेल्या एका तरुण बहीणभावाला आग्रहाचं बोलावणं आलं होतं. बहीण वीस वर्षांची, संस्कृत इतकं अस्खलित बोलणारी की कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. नाव रमाबाई डोंगरे. भावाचं नाव श्रीनिवास.

मेळाव्यात चहा-बिस्किटं फिरली. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या दोघांना वाटलं, आता कलियुग खरोखरच आलं! मग काही वाचन झालं, आणि अचानक सगळी मंडळी आपापल्या खुर्चीकडे वळली, गुडघे टेकले, डोळे मिटले आणि पुटपुटू लागली. समोर ना मूर्ती, ना तसबीर. बहीणभाऊ चकित होऊन बघत राहिले. त्यांची समजूत झाली की हे लोक खुर्च्यांची पूजा करताहेत!

पुढे रमाबाईंनी स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यातला विनोद बाजूला ठेवला, तर एक गंभीर प्रश्न उरतो. माणूस गुडघे टेकतो तेव्हा तो नेमका कोणापुढे टेकतो? देवापुढे? की देवाच्या नावानं बोलणाऱ्या पुरोहितापुढे, पाद्र्यापुढे, समाजापुढे? रमाबाईंचं पुढचं सगळं आयुष्य याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेलं.

'देवाचे भय' म्हणजे काय?

मराठी ख्रिस्ती घरांत 'देवाचे भय' हा शब्द वारंवार ऐकू येतो. बाहेरच्या माणसाला तो थोडा विचित्र वाटतो. देवाला घाबरायचं कशाला? पण इथे 'भय' याचा अर्थ भीती असा नाही. वडीलधारं माणूस खोलीत आलं की आपण न सांगता उठून उभे राहतो, तशा जातीचा हा आदर. आपण लहान आहोत, तो मोठा आहे, आणि तो आपलं भलं जाणतो, ही मनाची पक्की धारणा म्हणजे देवाचे भय.

या आदराचं दुसरं टोक म्हणजे आज्ञापालन. येशू ख्रिस्ताला पकडून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं केलेली प्रार्थना ख्रिस्ती माणसाला लहानपणापासून सांगितली जाते. हे दुःख टळावं असं त्यालाही वाटलं, पण माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, अशा अर्थाचं बोलून तो उठला. त्याच रात्री त्यानं शिष्यांचे पाय धुतले होते. गुरूनं शिष्यांचे पाय धुवावेत! ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी अनेक चर्चमध्ये आजही धर्मगुरू सामान्य माणसांचे पाय धुतात, ते त्याचीच आठवण म्हणून.

ऐकायला हे सारं सोपं वाटतं. पण जिला लहानपणापासून स्वतःच्या बुद्धीनं विचार करायला शिकवलं आहे, जिनं 'शास्त्रात लिहिलंय' या एका वाक्याखाली चिरडलेल्या हजारो बायका पाहिल्या आहेत, तिनं नम्र व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

वडिलांचा वारसा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान आणि तितकेच मनस्वी. बायकोला संस्कृत शिकवायचंच असा त्यांनी पण केला. बाईला देवभाषा शिकवणं म्हणजे पाखंड, असा गहजब झाला. पण शास्त्रीबुवा बधले नाहीत. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांनी संसार थाटला. लक्ष्मीबाई पतीकडून संस्कृत शिकल्या आणि पहाटे उठवून त्यांनी आपल्या धाकट्या लेकीला ते शिकवलं. अंगावर पांघरूण तसंच असताना आईच्या तोंडून श्लोक ऐकायचे, अशी ती शाळा होती.

पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडलं. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचा पैसा दानधर्मात, व्रतवैकल्यांत संपला होता. मोलमजुरी करायची तर विद्वत्तेचा अभिमान आड येई. अखेर रानातला पाला खाण्याची पाळी आली. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी मरणापूर्वी धाकटीला जवळ घेतलं आणि सांगितलं की मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याची हो आणि जन्मभर त्याची सेवा कर.

आयुष्याच्या अखेरीपर्यंत रमाबाई हे शब्द विसरल्या नाहीत. देव कोणता, हे त्यांनी पुढे बदललं. वडिलांची आज्ञा मात्र मोडली नाही.

पुढे श्रीनिवासही वारले. १८८० साली रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. सिल्चरला दोघांचा संसार सुरू झाला. तिथेच घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. त्या ते आवडीनं वाचू लागल्या. पतीला ते फारसं रुचलं नाही. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीनं गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरी दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून १८८३ मध्ये इंग्लंडची वाट धरली. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं होतं. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यानं डॉक्टर होण्याचं स्वप्न संपलं.

वाँटेजचं ते वादळ

इंग्लंडमध्ये वाँटेज गावी अँग्लिकन पंथाच्या सेंट मेरी द व्हर्जिन या संघातल्या जोगिणींचा मठ होता. या जोगिणी पुण्यातही काम करत. तिथे रमाबाईंची राहण्याची सोय झाली. भारतात जाणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहायचं, असं ठरलं. पण सुरुवातच भयंकर झाली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी काही महिन्यांतच आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीनं बाटवणार, या धास्तीनं त्यांच्या मनाचा तोल गेल्याचं सांगितलं जातं.

अशा परिस्थितीत रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. का घेतला? त्यामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे लंडनजवळच्या फुलहॅमला त्यांनी पाहिलेलं वाट चुकलेल्या स्त्रियांचं आश्रयगृह. ज्यांना समाजानं टाकून दिलं त्यांची सेवा या जोगिणी एवढ्या मायेनं कशी करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाण्याला आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू कसा बोलला, ती गोष्ट. दुसरं कारण म्हणजे फादर नेहेम्या गोरे. हे मूळचे नीळकंठशास्त्री, रमाबाईंप्रमाणेच चित्पावन पंडित. रमाबाईंच्या शंकांना त्यांनी पत्रांतून दिलेली उत्तरं रमाबाईंना पटली.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना पत्रांत चक्क 'आजीबाई' म्हणत. नातं मायेचं होतं, पण वर्षभरातच खटके उडू लागले.

रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटेना. येशूच्या जन्माविषयीच्या शिकवणीवर त्या शंका घेत. अंडं घातलेला पदार्थ त्या खात नसत. सिस्टरना त्यात जातीचा जुना अहंकार दिसे, तर रमाबाई म्हणत की माझ्या पूर्वजांची जी रीत देवाच्या आड येत नाही ती मी का सोडू? क्रूसावर लॅटिन शब्द कोरलेले होते. मला न कळणारी भाषा कशाला, त्याऐवजी संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल. लहानग्या मनोरमेला मठात काय शिकवायचं, यावरूनही दोघींचं वाजलं.

पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्या डोरोथिया बील या उदार मनाच्या होत्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असं निघालं, तेव्हा भारतातल्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. असं केलं तर त्यांच्या देशबांधवांत त्यांची पत राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी उत्तर दिलं की माझ्या आईनं आणि मी शिकवण्याला माझ्या वडिलांची किंवा नवऱ्याची कधी हरकत नव्हती. अनंतशास्त्र्यांच्या लेकीनं बिशपांना सह्याद्रीच्या रानातला दाखला द्यावा, हे दृश्य मोठं बोलकं आहे.

गर्व की विवेक?

सिस्टर जेराल्डीन यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चच्या कुटुंबात प्रवेश केला. कुटुंबात यायचं तर वडीलधाऱ्यांचं ऐकायला हवं. 'मला पटेल तेवढंच मी मानीन' ही वृत्ती भक्ताची नाही, ती गर्वाची पहिली पायरी आहे, अशी त्यांची कळकळ होती. त्या स्वतः व्रतस्थ होत्या. आज्ञापालन हे त्यांच्या व्रतांपैकीच एक. दुसऱ्याला जे सांगायचं ते त्या आधी स्वतः आचरत होत्या.

रमाबाईंची बाजू वेगळी होती. मोठ्या कष्टानं मी पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, आता दुसऱ्या जोखडाखाली ती घालणार नाही, असं त्यांनी पत्रात स्वच्छ लिहिलं. देवाची आज्ञा मी मानते, पण माणसांनी दिलेली प्रत्येक आज्ञा ही देवाचीच आज्ञा, हे मात्र मला मान्य नाही. देवानं मला विवेक दिला आहे, तो गहाण टाकणं म्हणजे नम्रता नव्हे.

कोण बरोबर होतं? पन्नासेक वर्षांचा संसार केलेल्या कुठल्याही घरात हा वाद ओळखीचा वाटेल. सून ऐकत नाही म्हणून सासू तिला उद्धट म्हणते. सुनेला वाटतं, मी खरं तेच बोलले. दोघींच्याही मनात घराचं भलं असतं. फरक एवढाच, की इथे घर म्हणजे चर्च होतं आणि प्रश्न होता तो देवापर्यंत जाण्याच्या वाटेचा.

योगायोगाचा भाग असा, की तिकडे महाराष्ट्रात थोड्याच वर्षांनी हाच प्रश्न आणखी एका घरात उभा राहिला. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवानं निर्माण केलेला नाही, हे जेव्हा त्यांना स्वतःला आतून उमगलं, तेव्हाच त्यांचं सोवळं गळून पडलं. 'स्मृतिचित्रे' मध्ये त्यांनी हे मोकळेपणानं सांगितलं आहे. नवऱ्याच्या आज्ञेनं जे झालं नाही, ते मनाच्या साक्षीनं झालं.

धर्म सापडला, ख्रिस्त कुठे?

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाचं निमित्त होतं. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघालं आणि गाजलं. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. भारतात विधवांसाठी शाळा काढायला दहा वर्षं पैसे देण्याचं वचन तिनं दिलं. अट एकच होती, मुलींवर कुठलाही धर्म लादायचा नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ 'शारदासदन' सुरू झालं. पहिल्या मुलींत एक होत्या गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांशी विवाह केलेल्या बाया कर्वे. १८९० मध्ये सदन पुण्याला हललं. सगळं ठीक चाललं होतं. मात्र रमाबाईंच्या मनाला स्वस्थता नव्हती.

याच काळाविषयी त्यांनी पुढे एक विलक्षण कबुली दिली. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडलेला होता, पण ख्रिस्त सापडलेला नव्हता, अशा आशयाची. सिद्धांतांची छाननी करता करता, चुकीच्या अधिकाराला नकार देता देता, योग्य ठिकाणी शरण जायचं राहूनच गेलं होतं. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचताना हे त्यांच्या ध्यानात आलं. आपल्या विद्वत्तेनं, आपल्या चांगुलपणानं आपण देवाच्या जवळ पोचणार नाही. रिकाम्या हातानं जावं लागेल. पंडिता म्हणवणाऱ्या बाईला हे कळायला वेळ लागला, आणि तसं सांगायला त्यांना संकोचही वाटला नाही.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. वाँटेजला ज्या गोष्टींवर त्या अडून बसल्या, त्यांपैकी माणसांच्या अधिकाराबद्दलचा आग्रह त्यांनी नंतरही सोडला नाही. बदललं ते आतलं केंद्र. 'मला पटतं का?' या प्रश्नाच्या पुढे आता 'देवाला माझ्याकडून काय हवं आहे?' हा प्रश्न आला.

त्याची परीक्षा लगेचच झाली. रमाबाई रोज पहाटे मनोरमेबरोबर प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. हळूहळू काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात ठिणगी पडली. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. दार बंद करा, असा सल्ला हितचिंतकांनी दिला. रमाबाई म्हणाल्या, मी कुणाला बोलावत नाही आणि येणारीला हाकलणारही नाही. अखेर १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. एकामागून एक मुली पालकांनी काढून नेल्या.

ज्या समाजाच्या मुलींसाठी एवढा आटापिटा केला, त्याच समाजानं पाठ फिरवली. टीकाकारांचीही एक बाजू होती. विश्वासानं ठेवलेल्या मुलीवर परक्या धर्माचा संस्कार व्हावा, हे कुठल्या आईबापाला रुचेल? तो सल आजही पुरता गेलेला नाही. रमाबाईंना मात्र दार बंद करणं म्हणजे देवाला लपवणं वाटलं. आज्ञापालनाची किंमत मोजावी लागते, ती अशी.

केडगावची पाऊलवाट

१८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत असल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंना स्वतःचं बालपण आठवलं. तो पाला, ते रान, आईबापांचं मरण. हाती पैसा नव्हता. शाळा पन्नासेक मुलींची, तीही वादात सापडलेली. व्यवहार 'नाही' म्हणत होता. त्यांनी प्रार्थना केली आणि निघाल्या. जवळजवळ तीनशे मुली आणि बायका त्या घेऊन आल्या. आजारी, उपाशी, अंगभर जखमा, कित्येकींना जवळ आलेल्या माणसाच्या अंगावर धावून जाण्याची सवय लागलेली.

एवढ्या जणींना ठेवायचं कुठे? त्याच सुमाराला पुण्यात प्लेग आला आणि सरकारनं नव्या मुलींना शहरात ठेवायला मनाई केली. रमाबाईंनी पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, दौंडच्या वाटेवर केडगावला शंभर एकर जमीन घेतलेली होती. माळरानच ते. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खोदल्या गेल्या. 'मुक्ती'ची सुरुवात अशी झाली.

देवापुढे लीन झालेली ही बाई सरकारपुढे मात्र तशीच ताठ होती. प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय आबाळ होते, याबद्दल १८९७ मध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये कडक पत्र लिहिलं. गव्हर्नरांना ते झोंबलं. लीन होणं म्हणजे अन्यायापुढे गप्प बसणं, असा अर्थ रमाबाईंनी कधीच केला नाही.

१८९८ मध्ये बॉस्टनच्या मंडळींचा दहा वर्षांचा करार संपला. यापुढे मुख्य भिस्त प्रार्थनेवर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांनी कुणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथांचा सांभाळ केला होता. रमाबाईंनी तोच कित्ता गिरवला. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडं! घरात चार पाहुणे आले की पीठ पुरेल का, म्हणून डबा उघडून पाहणाऱ्या गृहिणीला या आकड्याचा अर्थ बरोबर कळेल.

हातांनी केलेली उपासना

केडगावात प्रार्थना होत्याच, पण हाताला काम नाही अशी मुलगी नव्हती. कुणी मागावर, कुणी शेतात, कुणी गोठ्यात, कुणी घाण्यावर, कुणी छापखान्यात. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' होतं. अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं आणि मनोरमाबाईंनी परदेशात ब्रेल शिकून घेऊन त्यांना वाचायला शिकवलं. ज्यांच्या सावलीलाही लोक टाळत, त्यांची शुश्रूषा सदनातल्याच आधी आलेल्या मुली करत. कालपर्यंत जिचं कुणी नव्हतं तिला आज दुसरीची वेणी घालायची असे, दुसरीच्या जखमा धुवायच्या असत. गुरुवारच्या त्या पाय धुण्याचा अर्थ मुलींना वेगळा समजावून सांगायची गरज उरली नसावी.

१९०५ मध्ये केडगावात प्रार्थनेची मोठी लाट उसळली. मुली तासन् तास रडत, मोठ्यानं प्रार्थना करत. बाहेरच्यांना तो भावनेचा अतिरेक वाटला; कुणी टिंगल केली, कुणी थक्क होऊन पाहायला आलं. रमाबाईंनी त्याला आडकाठी केली नाही.

आणि मग त्यांनी आयुष्यातलं सर्वांत संथ, सर्वांत चिकाटीचं काम हाती घेतलं. संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर. आधीची भाषांतरं होती, पण त्यांतली भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही आणि त्यांतले कित्येक संस्कृत शब्द मनात भलतेच अर्थ जागे करतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यासाठी संस्कृतच्या या पंडितेनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. एकटीनं टेबलाशी बसून, कान जवळजवळ निकामी झालेले असताना, ओळीमागून ओळ. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या सदनातल्याच मुली. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींच्या हातांनी धर्मग्रंथ छापला जात होता!

यातली गंमत अशी, की ज्या संस्कृत विद्येनं त्यांना 'सरस्वती' केलं, तीच विद्या त्यांनी इथे बाजूला ठेवली. पांडित्य दाखवायचं नव्हतं, जात्यावरच्या बाईला कळेल असं लिहायचं होतं. विद्वान माणसाला सोपं लिहिण्याइतकी कठीण नम्रता दुसरी नसेल.

शेवटची परीक्षा

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. वय अवघं चाळीस. जिच्या हाती सगळं काम सोपवायचं, तीच लेक आधी गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी ज्या ज्या माणसाला आपलं म्हटलं, ते ते माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं.

अशा वेळी 'तुझी इच्छा' म्हणणं किती अवघड! श्रद्धा असलेल्या माणसाला दुःख होत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. रमाबाईंनी कामाची व्यवस्था लावली आणि त्या पुन्हा भाषांतराच्या टेबलाशी बसल्या. हिशेब सुटलेला नव्हता, दुःख कमी झालेलं नव्हतं. पण दिलेलं काम पुरं व्हायचं होतं.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं निधन झालं. अखेरची मुद्रितं तपासून होईपर्यंतच आयुष्य मिळावं, अशी प्रार्थना त्यांनी केली होती आणि ती तपासून होताच त्या गेल्या, असं सांगितलं जातं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. भारत सरकारनं १९८९ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा देतं.

त्या वाँटेजच्या वादाचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचं मत शेवटपर्यंत एक झालं नाही. पण नातं तुटलं नाही. रमाबाईंची ती सारी तिखट पत्रं सिस्टरनी जपून ठेवली, नीट लावली, त्यांवर टिपणं लिहिली. ज्या पत्रांत आपल्याला खडे बोल सुनावले आहेत, ती फाडून टाकायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांना झाला नाही. ही पत्रं १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली. आज रमाबाईंचं मन आपल्याला एवढं स्वच्छ दिसतं, ते त्यांना गर्विष्ठ म्हणणाऱ्या याच 'आजीबाईं'मुळे.